बनियन, एरंडेल आणि टेस्टोस्टेरॉन

मार्क आधी देऊन टाकतो, मग सविस्तर. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनच्या जेलला पाचपैकी अडीच. तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनला साडेचार. ठाण्याच्या नौपाड्यातल्या डॉक्टर मॅडमना पाच. आणि त्यांच्याआधी ज्या चकाचक ‘पुरुषांच्या क्लिनिक’मध्ये गेलो होतो त्याला भोपळा. त्याचं नाव लिहीत नाही. तशी दुकानं गल्लोगल्ली आहेत, पाटी वेगळी असली तरी कामाची पद्धत तीच.

मी ऐरोलीत राहतो, वय 51, रबाळे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत बॉयलर हाउसला आहे. तिन्ही शिफ्ट करतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण या उपचारात शिफ्ट, घाम आणि बनियन या तीन गोष्टी फार महत्त्वाच्या निघाल्या आणि त्या कुठल्याही जाहिरातीत लिहिलेल्या नसतात.

माझ्याकडे हा विषय अंथरुणातून आला नाही, मनगटातून आला. पावसात कंपनीच्या सायकल स्टँडपाशी पाय घसरला, हात टेकवला आणि मनगट मोडलं. पडणं तसं किरकोळ. माझ्या मागून येणारा एकजण त्याच जागी याहून जोरात आपटला आणि पॅन्ट झटकून चालायला लागला. प्लास्टर घालणारे हाडाचे डॉक्टर चौकस होते. म्हणाले, “पन्नाशीच्या पुरुषाचं हाड एवढ्यावरून मोडायला नको. डेक्सा करून घ्या.” डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे 2.8 आला. उणे अडीचच्या खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. हा आजार आमच्याकडे आईला किंवा मावशीला होतो, बाप्याला नाही, अशी माझी समजूत. डॉक्टर म्हणाले, पुरुषाची हाडं या वयात अशी विरळ झाली तर कारण शोधायचं असतं. स्टेरॉइडच्या गोळ्या, दारू, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, असं एकेक खोडत यादीत शेवटी टेस्टोस्टेरॉन उरलं.

तो शब्द चिठ्ठीवर आला आणि मोबाईलला कसं कळलं देव जाणे, दुसऱ्या दिवसापासून ‘थकवा? चिडचिड? पूर्वीसारखा जोश नाही?’ अशा जाहिराती सुरू झाल्या. त्यातलंच एक घोडबंदर रोडचं क्लिनिक. आत सोफा, कॉफीचं मशीन, भिंतीवर सिक्स पॅकवाला परदेशी बाबा. भरायला एक फॉर्म दिला. जेवल्यावर झोप येते का? ताकद कमी झाल्यासारखी वाटते का? हल्ली उदास वाटतं का? आता मला सांगा, ठाणे-बेलापूर पट्ट्यात नाईट करणाऱ्या कुठल्या माणसाला जेवल्यावर झोप येत नाही? हा फॉर्म घेऊन मी आमच्या कॅन्टीनमध्ये उभा राहिलो तर अख्खी शिफ्ट पेशंट निघेल.

संध्याकाळी साडेपाचला, वडापाव आणि चहा झालेल्या पोटावर, रक्त काढलं. त्या आठवड्यात मी नाईटला होतो, दुपारी झोपून उठलो होतो. कुणी विचारलं नाही. मग एक ‘कौन्सेलर’ आला, डॉक्टर नव्हे, आणि त्यानं तीन महिन्यांचं पॅकेज समोर ठेवलं. इंजेक्शनं, कसल्यातरी कॅप्सूल, डाएट चार्ट, सगळं मिळून 48 हजार, वर ईएमआयची सोय. रक्ताचा रिपोर्ट तोवर आलेलाही नव्हता. मूल हवंय का, हे विचारलं नाही. प्रोस्टेट, हिमोग्लोबिन, घोरणं, हृदय, कशाचीच चौकशी नाही. मी डेक्साचा रिपोर्ट पुढे केला तर वरवर चाळून परत दिला आणि “सर, मसल वाढले की बोन आपोआप स्ट्राँग होतात,” असं ठोकून दिलं. मी कॉफीचे आभार मानून बाहेर पडलो.

हाडाच्या डॉक्टरांनीच मग एंडोक्रायनोलॉजिस्टकडे, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे, पाठवलं. नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेर बाकडं, बाकड्यावर बहुतेक थायरॉइड आणि डायबेटिसवाले. तपासणीची फी 1200. मॅडमनी अर्धा तास नुसतं विचारलं. दाढी किती दिवसांनी करता? उंची कमी झाल्यासारखी वाटते का? गरम वाफा येतात का? या शेवटच्या प्रश्नावर मी हसलो. बॉयलरपाशी काम करणाऱ्याला घाम सुटला तर त्यात नवल काय? पण ही बाजूलाच बसली होती. ती म्हणाली, “मॅडम, जानेवारीत पंख्याखाली झोपलेले असतात तरी रात्री बनियन पिळून काढावं लागतं.” मॅडमनी ते लिहून घेतलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “लहानपणी किंवा तरुणपणी गालगुंड झालं होतं?”

झालं होतं. एकोणीसाव्या वर्षी, गावी. गाल उतरले आणि चार दिवसांनी खाली सूज आली, दोन्ही बाजूंना. ताप, कण्हणं, निर्गुडीच्या पाल्याचा शेक. घरात त्यावर कुणी बोललं नाही. पुढे लग्न झालं, मूल होईना. वीर्याची तपासणी झाली तेव्हा शुक्राणू जवळपास नव्हतेच. रिपोर्ट माझा होता, तरी नवस हिलाच करायला लावले आणि हळदीकुंकवाला टोमणेही हिलाच. आम्ही लेक दत्तक घेतली, ती आता इंजिनिअरिंगला आहे आणि आमच्यापुरता तो विषय तिथं संपला. पण त्या वेळी एकाही डॉक्टरनं हॉर्मोन तपासले नाहीत. मॅडमनी समजावलं: वृषणात शुक्राणू तयार करणारं खातं वेगळं, टेस्टोस्टेरॉन तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या. गालगुंडाच्या सुजेत पहिल्याचं नुकसान लवकर दिसतं. दुसरं कधीकधी बरीच वर्षं रेटून नेतं आणि मग हळूहळू दम सोडतं.

आता रक्ताच्या तपासणीबद्दल, कारण सगळी फसवणूक इथंच होते. टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखं नसतं. रात्रीची झोप झाली की सकाळी सगळ्यात वर, संध्याकाळपर्यंत उतरतं. तरुणांमध्ये हा उतार जास्त. खाल्ल्यानंतर, विशेषतः गोड खाल्ल्यानंतर, आणखी खाली जातं. ताप किंवा मोठं आजारपण असलं तरी खाली. म्हणून सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासायचं. एका रिपोर्टवर उपचार सुरू करायचाच नाही. मला तर त्यांनी बजावलं, नाईटच्या आठवड्यात रक्त द्यायचं नाही. सुट्टीला जोडून काही रात्री सलग झोप झाली की मगच या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी बंद करा, काही यंत्रांवर त्यामुळे आकडा चुकतो.

माझा पहिला आकडा 148 आला, दुसरा 162, नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये. अमेरिकेतले युरोलॉजिस्ट 300 च्या खाली कमी समजतात, तिथलीच एंडोक्राइन सोसायटी 264 धरते. 270-280 वाल्यांनी वाद घालावा, माझे दोन्ही आकडे वादाच्या पलीकडे होते. सोबत एलएच तपासलं, ते लॅबच्या वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. हे मला माझ्या भाषेत लगेच कळलं. बॉयलरच्या ड्रममधलं पाणी खाली गेलं की कंट्रोलर फीड पंपाला सिग्नल पाठवतो. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी हा कंट्रोलर, एलएच हा सिग्नल, वृषण म्हणजे पंप. माझा कंट्रोलर गळा काढून ओरडत होता आणि पंप पाणी देत नव्हता. बिघाड पंपात. एलएचसुद्धा कमी आलं असतं तर बिघाड वरच्या मजल्यावर, मग प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच एक हॉर्मोन) बघा, मेंदूचा एमआरआय करा, ही वेगळी वाट.

मॅडमनी गुणसूत्रांचीही तपासणी करून घेतली. क्लाइनफेल्टर म्हणून एक प्रकार असतो, 1942 साली पहिल्यांदा लिहिला गेला. त्यात पुरुषाला एक्सवाय ऐवजी एक्सएक्सवाय गुणसूत्रं असतात. साधारण पाचशे ते हजार मुलग्यांत एकाला असतं आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही, मूल होत नाही म्हणून तपासायला गेले तर कळतं. माझं तसं निघालं नाही, त्यामुळे बोट गालगुंडाकडेच राहिलं.

पंपाची गोष्ट अजून संपलेली नाही, आणि हा भाग पोरांनी वाचावा. ड्रममध्ये बाहेरून होज लावून पाणी सोडलं तर पातळी भरलेली दिसते, कंट्रोलर गप्प होतो आणि पंप थांबतो. चांगला चालणारा पंपसुद्धा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की एलएच आणि एफएसएच (पिट्युटरीचा दुसरा सिग्नल, शुक्राणूंसाठीचा) झोपतात, वृषणं आक्रसतात, शुक्राणू कमी होत होत शून्यावरही जातात. 1990 च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेनं टेस्टोस्टेरॉनची आठवड्याची इंजेक्शनं चक्क पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासली होती. माझं त्या बाबतीत गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण आमच्याकडे ओंकार म्हणून कंत्राटी पोरगा आहे, 24 वर्षांचा, लग्न ठरलेलं, संध्याकाळी कोपरखैरण्याच्या जिममध्ये. तो एकदा दबक्या आवाजात म्हणाला, “काका, तुम्ही पण टेस्ट मारता का? आमचा ट्रेनर देतो, एकदम ओरिजिनल.” त्याला मी कागदावर ड्रम काढून दाखवला. औषध थांबवल्यावर पंप परत सुरू होतो, बहुतेकांचा, पण त्याला महिने लागतात, कुणाला वर्षाहून जास्त. ज्याला मूल हवंय आणि टेस्टोस्टेरॉनही खरोखर कमी आहे, त्याच्यासाठी कंट्रोलर-पंप चालू ठेवणारी दुसरी औषधं असतात, ती एंडोक्रायनोलॉजिस्ट ठरवतात, ट्रेनर नाही. औषधाच्या खोक्यावर लाल उभी रेघ असते ती शोभेला नसते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही हे सांगायला असते. ओंकारनं कागद घडी करून खिशात ठेवला. पुढे काय केलं ते त्याचं तो जाणे.

आता जेल. सुरुवात जेलनं करण्यात अर्थ होता: नाही मानवलं तर थांबवता येतं, दोन-चार दिवसांत अंगातून जातं. एक टक्क्याचं जेल, पाच ग्रॅमची पुडी, तिच्यात 50 मिलिग्रॅम. कातडीतून आत जातं ते साधारण दहातला एक भाग, म्हणजे पाचेक मिलिग्रॅम. निरोगी पुरुषाचं शरीर दिवसाला जेवढं बनवतं त्याच्या आसपास. रोज सकाळी आंघोळ, अंग कोरडं, मग खांद्यांवर आणि दंडांवर चोळायचं, हात साबणानं धुवायचे, वाळू द्यायचं, वर कपडा घालायचा. लावायच्या जागेत गुप्तांग अजिबात येत नाही, ही गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते.

कागदावर सोपं आहे. पण ऐरोलीत मे महिन्यात घरी पुरुषमाणूस काय घालतो? बनियन. म्हणजे नेमके खांदे आणि दंड उघडे. आणि शेजारचं दोन वर्षांचं पोरगं दार उघडं दिसलं की धावत येऊन माझ्या अंगावर चढतं. हे जेल दुसऱ्याच्या कातडीला लागलं तर त्याच्याही अंगात जातं. लहान मुलांमध्ये नको त्या वयात केस येणं, अवयव वाढणं असे प्रकार घडल्यामुळे 2009 साली अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, या जेलवर ठळक चौकटीतला इशारा सक्तीचा केला. बायकांनाही तेच: मुरुमं, ओठांवर लव. त्यामुळे मी भर उन्हाळ्यात घरात बाह्यांचा शर्ट घालून बसायला लागलो, पोराला उचलायच्या आधी हात-खांदे धुवायला लागलो आणि पोराच्या आईला काय कारण सांगावं हे कळेना. शेवटी हिनंच तिला सरळ सांगून टाकलं. बायकांची बोलणी पाच मिनिटांत झाली, मी आठवडाभर उगाच शब्द जुळवत होतो.

शिफ्टचा दुसरा त्रास. जेल लावल्यावर काही तास अंग भिजवायचं नसतं. फर्स्ट शिफ्टला सहाला लावून बॉयलरपाशी सातला घामाच्या धारा. नाईटहून आल्यावर लावावं तर आंघोळ करून लगेच झोप, चादरीला लागतं. जेल अल्कोहोलचं असतं, वाळेपर्यंत ज्वालाग्राही, आणि आमच्या गेटवर सिक्युरिटी नाक पुढे करूनच उभा असतो. “काय साहेब, सकाळी सकाळी?” असं त्यानं हसत विचारलंसुद्धा. मध्ये तपासलं तर माझी पातळी एकदा 240, एकदा 510. ऑफिसात एसीमध्ये बसणाऱ्या, घरात लहान मूल नसलेल्या, नेमानं सकाळी सातला आंघोळ करणाऱ्या माणसाला हेच जेल चार मार्कांचं वाटेल. मला अडीच.

पर्याय तीन होते. कॅप्सूल असतात, त्या तेलातुपाच्या जेवणाबरोबरच घ्याव्या लागतात, नाहीतर शोषल्याच जात नाहीत, आणि दिवसातून दोनदा. दोन-तीन आठवड्यांची जुनी इंजेक्शनं असतात, सस्टॅनॉन त्यातलं जिमवाल्यांना पाठ असलेलं. त्यात टेस्टोस्टेरॉनची चार वेगवेगळी एस्टर (सावकाश सुटणारी रासायनिक रूपं) मिसळलेली असतात आणि तेल शेंगदाण्याचं, म्हणजे दाण्याची ॲलर्जी असणाऱ्यानं लांब राहायचं. स्वस्त पडतं, पण घेतल्यावर पातळी उंच चढते आणि पुढचं येईपर्यंत घसरते, मूडही तसाच हलतो. तिसरं म्हणजे टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटचं डेपो इंजेक्शन, आत साठून हळूहळू रक्तात उतरणारं. नेबिडो या नावानं आलं, भारतीय कंपन्यांचंही मिळतं. 1000 मिलिग्रॅम, चार मिलिलिटर. पहिल्यानंतर दुसरं सहा आठवड्यांनी, पुढे दर दहा ते चौदा आठवड्यांनी. मी हे घेतलं.

यातलं तेल एरंडेलाचं. लहानपणी आजी नाक दाबून पाजायची तेच, आता मागून. दाट असल्यामुळे घाईनं देता येत नाही. मॅडमकडच्या सिस्टर आधी बाटली दोन तळहातांमध्ये धरून कोमट करतात, मग जाड सुईनं ओढतात, मग मला कुशीवर झोपवून कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या भागात सुई खोल घालतात. सुई जाताना फारसं काही नाही. तेल जायला लागलं की आत एक गच्च दाब तयार होतो, तो वाढत जातो, आणि सिस्टर घड्याळाकडे बघत दोन मिनिटं सावकाश दाबत राहतात. मध्ये “कामावर काय आज?” वगैरे चालू. सुई निघाली की लगेच उठायचं नाही. अर्धा तास बाहेर बाकड्यावर बसायचं, कारण क्वचित थोडं तेल रक्तातून फुप्फुसात जातं आणि खोकल्याची उबळ, दम लागणं, घाम येणं असं होतं. अजून मला झालेलं नाही, पण त्या बाकड्यावरून उठून जाऊ पाहणाऱ्याला सिस्टर ओरडून परत बसवतात. याला म्हणतात सर्व्हिस. दोन दिवस त्या बाजूला बसताना जाणवतं, बस.

अर्धा मार्क कापला तो यासाठी की एकदा आत गेलेलं तेल परत काढता येत नाही. काही उलटं झालं तर तीन महिने निस्तरत बसा. म्हणूनच मॅडमनी आधी जेलवर ठेवलं होतं.

केमिकलवाला म्हणून एक गोष्ट मला फार भारी वाटते. 1935 साली ॲमस्टरडॅममध्ये हे हॉर्मोन पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं काढलं तेव्हा बैलांची 100 किलो वृषणं वापरून मिळाले फक्त 10 मिलिग्रॅम. त्या हिशेबानं माझ्या एका इंजेक्शनला कित्येक टन लागले असते. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते कोलेस्टेरॉलपासून बनवून दाखवलं, 1939 चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं. आता वनस्पतींतल्या स्टेरॉलपासून रिॲक्टरमध्ये बनतं. आणि त्याच्याही आधी, 1889 मध्ये, ब्राउन-सेकार नावाच्या 72 वर्षांच्या नामांकित फ्रेंच शास्त्रज्ञानं कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण तरुण झालो असं जाहीर केलं. त्या पाणचट अर्कात हॉर्मोन नावालाही असणं शक्य नव्हतं. घोडबंदर रोडचं पॅकेज त्याच घराण्यातलं.

फरक काय पडला? पहिला फरक रात्रीच्या वाफांचा, त्या दोनेक महिन्यांत थांबल्या. बनियन पिळणं बंद. इच्छा परत आली, इतक्या वर्षांनी, आणि त्याबद्दल इथं एवढंच लिहितो की ही खूश आहे आणि थोडी वैतागलेलीही. सकाळचं जे असतं ते पुन्हा असायला लागलं. दाढी आठवड्यातून दोनदा करायचो, आता एक दिवसाआड लागते. हिमोग्लोबिन 12.4 होतं ते 14 च्या वर गेलं, जिने चढताना ते जाणवतं. पाठीवर मुरुमं आली, या वयात.

काय बदललं नाही तेही सांगतो. पोट तसंच आहे. गुडघा तसाच. नाईटनंतरचा शीण तसाच, कारण तो नाईटचा आहे. 2016 मध्ये अमेरिकेत 65 च्या वरच्या 790 पुरुषांवरचा अभ्यास छापून आला होता, मॅडमनीच सांगितला. लैंगिक बाबतीत मध्यम फायदा दिसला, पण थकव्यात म्हणावा तसा नाही. जाहिराती मात्र सगळ्या थकव्यावरच विकतात. मधुमेह आणि पोट सुटलेल्यांमध्ये तर टेस्टोस्टेरॉनचा एकूण आकडा कमी दिसणं फार नेहमीचं, कारण ते वाहून नेणारं प्रथिनच कमी झालेलं असतं. त्यांना मॅडम आधी फ्री, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं, टेस्टोस्टेरॉन काढायला लावतात आणि वजन उतरवायला पाठवतात. बाकड्यावरचा एकजण त्यावर नाराज होऊन गेला. इंजेक्शन मागायला आला असेल.

हाडांसाठी त्या निव्वळ टेस्टोस्टेरॉनवर विसंबल्या नाहीत, हे मला सगळ्यात पटलं. झोलेड्रॉनिक ॲसिड या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाची वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायची बाटली वेगळी, कॅल्शियम आणि ड वेगळं. पहिल्या बाटलीनंतर रात्री ताप येऊन हाडं ठणकली, तशी सूचना आधीच मिळालेली होती. पुढच्या डेक्साला मणका उणे 2.4 वर आला. त्यात वाटा कुणाचा किती हे मी विचारलं, त्या म्हणाल्या, “दोघांचा, पण मार्क बाटलीला जास्त द्या.”

हृदयाचं विचारणारच तुम्ही. 2023 मध्ये मोठा अभ्यास आला, हृदयरोग असलेले किंवा होण्याची शक्यता जास्त असलेले 45 ते 80 वयाचे पाच हजारांवर पुरुष. जेल लावणाऱ्यांत हार्ट ॲटॅक आणि पक्षाघात वाढलेले दिसले नाहीत. हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात गुठळी, मूत्रपिंडाला अचानक इजा, हे मात्र थोडं जास्त दिसलं. त्याच अभ्यासात जेलवाल्यांची हाडंही जास्त मोडलेली निघाली, कमी नाहीत, मसलवाल्या कौन्सेलरला कळवायला हवं. माझा एक काका हृदयानं गेला, त्यामुळे ईसीजी, बीपी, लिपिड सगळं आधी झालं. रक्त दाट होणं हा नेहमीचा धोका. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण, 54 च्या वर गेलं की औषध थांबवायचं. माझं वाढलंय, पण मर्यादेच्या आत आहे, आणि लॉगशीट भरायची सवय असल्यामुळे मी प्रत्येक रिपोर्टचा आकडा एका जुन्या डायरीत चढवतो: टेस्टोस्टेरॉन, हिमॅटोक्रिट, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी), बीपी. मॅडम आधी डायरी मागतात, मग फाईल. घोरण्याचीही चौकशी दर खेपेला होते, कारण झोपेत श्वास अडकण्याचा त्रास यानं वाढू शकतो. उत्तर अर्थात हीच देते.

पैशांचं म्हणाल तर कंपनीच्या मेडिक्लेममध्ये ओपीडीचा खर्च बसत नाही, सगळं खिशातून, आणि माझ्या बाबतीत हे आयुष्यभराचं आहे. तरी वर्षाचा सगळा हिशेब त्या 48 हजारांच्या बराच खाली राहतो, आणि त्यात तपासण्याही आल्या.

जायचं असेल त्यांच्यासाठी: शनिवारी जाऊ नका, डायबेटिसवाल्यांची झुंबड असते. ऐरोली-घणसोलीहून येणाऱ्यांनी ट्रान्स हार्बरनं ठाण्याला उतरून पश्चिमेला सरळ चालत निघावं, रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा लवकर पोचता. डेपो इंजेक्शन केमिस्टकडे आयत्या वेळी असेलच असं नाही, दोन दिवस आधी फोन करून मागवून ठेवा आणि पक्कं बिल घ्या. पुढच्या डोसच्या आधीचं रक्त डोस घेण्यापूर्वीच द्यायचं असतं, नंतर नाही. त्यासाठी मी या वेळी शिफ्ट इनचार्जकडून नाईट बदलून फर्स्ट मागून घेतली आहे.